कात ओढायची नसते

‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार आपण फार सहज वापरतो. शहर कात टाकतं, जुनी कंपनी कात टाकते, एकदा नापास झालेला मुलगा पुढच्या वर्षी चांगल्या मार्कांनी पास झाला की तोही कात टाकतो. या सगळ्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. हे काम ज्याचं त्याने, स्वतःच्या हिमतीवर करायचं असतं. जमलं तर कौतुक त्याचं, नाही जमलं तर दोषही त्याचाच.

सापाच्या बाबतीत मात्र हे खरं नाही.

कात टाकण्याआधी जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार होते आणि दोन्हींच्या मधे पातळ द्रव उतरतो. अंगाचा रंग मळकट होतो, डोळे निळसर-दुधी दिसू लागतात. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबरच निघतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो लपून राहतो, बहुतेकदा खातही नाही. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात. काही दिवसांनी तो खरखरीत दगडावर किंवा ओंडक्यावर तोंड घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. पायमोजा उलटा करून काढावा, तशी कात मागे पडते. सगळं ठीक असेल तर डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड.

ठीक नसेल तर? हवा कोरडी असेल, शरीरात पाणी कमी असेल, अंगावर बारीक परजीवी किंवा एखादा आजार असेल, तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. काही तुकडे अंगालाच चिकटून राहतात. म्हणजे कात टाकायला नुसती हिंमत पुरत नाही, ओलावाही लागतो.

पुण्यात माझ्या मावसभावाकडे एक बॉल पायथन आहे. आपल्याकडचे साप पाळायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. हा अजगर मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. 2022च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, ती त्याने केली आहे. घाबरली की वेटोळं करून गोळा होते, म्हणून घरात तिचं नाव चकली.

एप्रिलमध्ये मी तिकडे होते, तेव्हा चकलीची कात अडकली होती. पाठीवर कागदासारखे कपटे, शेपटीच्या टोकाला घट्ट कडं आणि एका डोळ्यावर जुना खवला तसाच. भाऊ चिमटा घेऊन बसला होता. “ताई, तू फक्त धर. मी एका मिनिटात काढतो.” त्याची कळकळ खोटी नव्हती. तिचे हाल त्याला बघवत नव्हते.

मी म्हटलं, आधी डॉक्टरांना फोन कर. डॉक्टर म्हणाले, चिमटा बाजूला ठेवा. चिकटलेली कात ओढली तर खालची नवी त्वचा फाटू शकते. डोळ्यावरचा खवला ओढला तर डोळाच कायमचा दुखावू शकतो. पण शेपटीचं कडं तसंच सोडूनही चालणार नाही. ते वाळून आवळलं तर रक्तपुरवठा थांबतो आणि टोक सडतं.

ओढणं धोक्याचं आणि ‘तिचं ती बघेल’ म्हणणंही धोक्याचं. मग माणसाने करायचं काय?

आम्ही तिला उथळ कोमट पाण्यात ठेवलं आणि शेजारी बसून राहिलो. मग ओला टॉवेल हातांत सैल धरला आणि तिला त्यातून सरकू दिलं. जोर तिचा, वेग तिचा. आमच्याकडे काम एवढंच, टॉवेल ओला ठेवायचा. यात अख्खी संध्याकाळ गेली. शेपटीचं कडं टॉवेलमध्ये निघालं. डोळ्यावरचा खवला राहिला. तो पुढच्या कातीपर्यंत तसाच राहू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चिमट्याने एका मिनिटात काम झालं असतं, पण ते मिनिट कोणासाठी होतं? दुसऱ्याचा त्रास बघताना आपल्याला जी अस्वस्थता येते, ती संपवायची घाई आपल्याला असते. नागपंचमीला सापापुढे दूध ठेवणाऱ्याच्या मनातही वाईट काही नसतं. पण दूध हे सापाचं अन्न नाही, त्याला ते पचत नाही. गारुड्याचा तहानलेला साप ते पितो आणि समाधान मात्र आपलं होतं. मदत कोणाच्या गरजेतून निघाली, हे मदत करणाऱ्याने तपासलंच पाहिजे, असं मला वाटतं.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. याला मदत म्हणायचं का? टाकीतला आर्द्रतेचा काटा तिशीच्या आसपास होता. चकलीला एरवी निदान पन्नास-साठ लागते, कात टाकताना त्याहून जास्त. तिच्या मुलखातला बॉल पायथन उंदरांच्या बिळात किंवा वारुळात शिरून ओलावा शोधतो. चकलीला जाण्यासारखं दुसरं बीळ नाही. एसी आमचा, उष्णतेचा दिवाही आमचाच. जिची हवाच आपल्या हातात आहे, तिला ओलावा देणं हा उपकार नाही, ते देणं आहे. आणि तिला इथल्या एखाद्या टेकडीवर सोडून देऊन त्यातून सुटताही येत नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. देणं तेवढं लांबचं आहे.

कोणी म्हणेल, सगळं देणंच असेल तर मायेला जागा कुठे उरली? मला वाटतं, उरते. आभाराची अपेक्षा न ठेवता रोज काटा बघण्यात उरते. चकली भावाला कधीच ‘थँक यू’ म्हणणार नाही. कदाचित तिच्या लेखी तो एक ऊबदार फांदी असेल.

त्याने टाकीत ओल्या शेवाळाचा डबा ठेवला, एसीची दिशा बदलली. पाचेक आठवड्यांनी त्याने मला फोटो पाठवला. अखंड कात, दोन्ही डोळ्यांच्या खवल्यांसकट. त्या रात्री तो झोपला होता. तिला कोणी हातही लावला नव्हता.

गावाकडून पहिल्यांदा शहरात आलेल्या, वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, “अरे, बदल जरा, मोकळा हो.” तो अडकलेला दिसला की कोणी त्याला ओढतं, कोणी सोडून देतं. त्या खोलीतली हवा किती कोरडी आहे, हे मात्र फार थोडे जण बघतात.