पंगत आणि जमाखर्च

महाविद्यालयीन तरुणांच्या अंगी नेतृत्वगुण यावेत याविषयी आपल्याकडे दुमत नाही. परंतु ते गुण कोणत्या भूमीत रुजतात याचा विचार फारसा होत नसल्यामुळे, दोन दिवसांचे शिबिर, वक्तृत्वाचे चार धडे आणि अखेरीस वाटली जाणारी प्रशस्तिपत्रे एवढ्यावर कृतकृत्यता मानण्याची सवय शिक्षणसंस्थांना जडली आहे. वक्तृत्व ही उपयुक्त कला खरीच. तथापि चार माणसांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याला हवा असेल, त्याने त्या चौघांसमवेत जेवले-राबले पाहिजे आणि त्यांच्या पैशाचा हिशेब त्यांच्यापुढे मांडला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

या मताचा आधार साताऱ्यात आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्याचे १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. ज्यांचे नाव त्यास दिले गेले, त्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना राजाश्रय देऊन खेड्यातल्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली होती. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांचा भार आपण उचलावा, हे त्या काळी थोर कार्यच होते. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली आणून एका पंगतीस बसविली, आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे त्यांच्याच हातून करविली. मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने तीच परंपरा उच्च शिक्षणात आणली.

जातिभेद जिथे सर्वाधिक काटेकोरपणे पाळला जाई, ते स्वयंपाकघर, पाणवठा आणि पंगत हीच या शिक्षणाची केंद्रे होती, यात त्याचे मर्म आहे. ज्याच्या हातची भाकरी आपण खाल्ली आणि ज्याच्या पाठोपाठ आपणही भांडी घासली, त्याच्याविषयी तुच्छतेने बोलणे मनाला जड जाते. समतेची व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा अनुभव नसतो. म्हणून सत्तेची पहिली संधी मिळताच तो आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या, आपल्या भाषेच्या मंडळींना जवळ करतो.

आपला कायदा मात्र प्रतिनिधी कसा निवडावा याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमाने विद्यार्थी परिषदेसाठी गुणवत्तेचा निकष आणला आणि २०१६ च्या अधिनियमाने निवडणुकीची तरतूद केली. मतपेटीतून येणारा प्रतिनिधी मला अधिक मान्य आहे, कारण त्याला मत देणाऱ्यांपुढे उत्तर द्यावे लागते. परंतु ज्याच्या हाती ना कारभार ना जबाबदारी, त्याच्याकडून उत्तर तरी कसले मागावे? लाउडस्पीकर, मिरवणूक आणि फलक एवढीच ज्याच्या अधिकाराची व्याप्ती, त्याला सचोटीची परीक्षा देण्याचा प्रसंगच येत नाही.

म्हणून वसतिगृहाची मेस, स्नेहसंमेलनाचा निधी, गरजू विद्यार्थ्यांचे साहाय्य ही कामे विद्यार्थ्यांच्या हाती खरोखर सोपवावीत. त्यांनी रोजकीर्द लिहावी, दरमहा जमाखर्च सर्वांना दिसेल असा लावावा, आणि तक्रार करणाऱ्याची कैफियत भर सभेत, त्याच्यावर डूख न धरता, ऐकावी. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी बंद होत असताना रात्री भरविलेली सभा सर्वांची असूच शकत नाही. इंग्रजीतच चालणाऱ्या चर्चेत तालुक्याच्या गावाहून आलेला बुद्धिमान मुलगा मुका होतो. आणि जिना चढू न शकणाऱ्यासाठी वरच्या मजल्यावरचे कार्यालय नसल्यातच जमा असते. कोण आले नाही आणि का आले नाही, हा प्रश्न सभेच्या आरंभी विचारणे हे अध्यक्षाचे आद्य कर्तव्य मानले पाहिजे.

अशा कारभारात चुका होतील, क्वचित अफरातफरही होईल, आणि मग प्राध्यापकांना सर्व सूत्रे परत आपल्या हाती घेण्याचा मोह होईल. तो त्यांनी आवरावा. विसाव्या वर्षी शंभर सहाध्यायांच्या देखत हिशेबातली तूट भरून द्यावी लागलेल्या तरुणाच्या हाती पुढे एखादी नगरपालिका, सहकारी संस्था किंवा शासकीय खाते येईल, तेव्हा लोकांचा पैसा आणि लोकांचा मान या दोहोंचे मोल त्याला ठाऊक असेल; आणि ही जाणीव देण्यासाठी महाविद्यालयाइतके योग्य स्थळ आपल्या समाजाजवळ दुसरे नाही.