याईराची लेक आणि आपली लेकरे



काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे आम्हांला भेटावयास आले. त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. एका दवाखान्याने स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशींची इंजेक्शने सुचविली होती आणि मूल चालू लागेल असे सांगितले होते. "फादर, वाडी विकावी का? नाही विकली तर देव आम्हांला विचारील का?" हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या संमतीने तो आज आपणां सर्वांपुढे ठेवीत आहोत.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सभास्थानाचा अधिकारी याईर आजारी लेकीसाठी येशूच्या पाया पडतो. लेकरासाठी आईबापांनी दारोदार फिरावे यात कमीपणा नाही. पण त्याच अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्रीही आहे. तिने वैद्यांमागे होते नव्हते ते सारे खर्च केले आणि दुखणे वाढतच गेले. शुभवर्तमान हेही झाकून ठेवीत नाही.

प्रायोगिक उपचाराला ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. 1980 साली श्रद्धासिद्धांत मंडळाने स्पष्ट केले की, दुसरा पुरेसा उपाय नसेल तर रुग्णाच्या संमतीने, काही धोका असला तरी, प्रायोगिक अवस्थेतील उपचार घेता येतो. 2008 साली त्याच मंडळाने सांगितले की, प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून किंवा जन्मसमयी नाळेतील रक्तातून घेतलेल्या मूळपेशी वापरण्यास हरकत नाही. जिवंत गर्भाचा नाश करून मिळविलेल्या मात्र नकोत.

तथापि संमती म्हणजे सत्य जाणून दिलेला होकार. लहान मुलाच्या वतीने तो आईबाप देतात, म्हणून त्यांना सत्य कळलेच पाहिजे. सेरेब्रल पाल्सी ही वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच झालेली इजा होय. ती इजा पुसून टाकणारा उपचार आज नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने 63 मुलांना त्यांच्याच नाळेचे रक्त देऊन पाहिले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण गटात फरक दिसला नाही. जास्त पेशी मिळालेल्या मुलांच्या हालचालीत मात्र काहीशी सुधारणा दिसली. म्हणजे संशोधनात आशा आहे, हमी नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसारखे मान्य उपचार वगळता मूळपेशी केवळ मंजूर चाचणीतच द्याव्यात, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: ही चाचणी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे का? नैतिक समितीची मंजुरी आहे का? आणि पैसे कशाचे? असे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. बुद्धी हीही देवाचीच देणगी आहे.

जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? येशूने त्याचे आणि त्याच्या आईबापांचेही पाप नाकारले. तेव्हा मूल चालत नाही म्हणून आईबापांनी स्वतःला दोषी मानू नये आणि शेजाऱ्यांनीही तसे सुचवू नये. वाडी विकली तर प्रेम जास्त, न विकली तर कमी, असा हिशेब देवाकडे नाही. हा निर्णय त्या कुटुंबाचा आहे. त्यांचा मान राखू या.

याईराच्या लेकीला उठविल्यावर येशूने तिला खावयास देण्यास सांगितले. आपल्या धर्मग्रामात अशीही घरे आहेत जेथे एका लेकराला एक घास भरविण्यास फार वेळ लागतो, जेथे आईला रविवारच्या मिस्सालाही निघता येत नाही. फिजिओथेरपीला नेण्यासाठी रिक्षा, एक तास मुलाजवळ बसणारी शेजारीण, चर्चच्या पायऱ्यांवर चाकाची खुर्ची उचलणारे चार तरुण, एवढे तर आपल्या हाती आहे. ज्यांना जमेल त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे.

प्रभूठायी आपले,
प्रमुख धर्मगुरू