आधी प्रश्न कोणाचा घ्यावा?

आमच्या दिंडीतले दारव्ह्याकडचे एक वृद्ध माळकरी यंदा आषाढीस आले नाहीत. हृदय थकले आहे. एकाएकी येणारा झटका नव्हे. हृदयाचा जोर हळूहळू ओसरला, त्यामुळे अंगात पाणी साठते, पाय सुजतात, आडवे झाले की श्वास कोंडतो. रात्र उशांना टेकून बसूनच काढावी लागते. भेटीस गेलो तेव्हा म्हणाले, "बुवा, लघवीची गोळी घेतली का दहा खेपा उठा लागते. नाही घेतली तर दम लागते. मंग एस.टी.त बसून पंढरीले जावं कसं?"

निघताना सूनबाई अंगणापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "असं अजून किती दिवस चालते, बुवा? राती झोप नाही, अन् निंदाले गेल्याबिगर भागत नाही. मामाजीसमोर हे कसं पुसू?"

सज्जनहो, संशोधक विचारतात, कोणत्या औषधाने आयुष्य किती वाढेल? तोही प्रश्न खराच. पण संशोधनाला पैसा मोजका आणि माणसेही मोजकी. मग आधी कोणता प्रश्न हाती घ्यावा, आणि ते ठरवावे कोणी? हा तर सरळ धर्माधर्माचा विचार झाला.

इंग्लंडात २००४ पासून जेम्स लिंड यांच्या नावाने एक मंडळ याच कामी लागले आहे. लिंड हे आरमारातले डॉक्टर. हिरड्या सडवणारा स्कर्व्ही रोग संत्र्या-लिंबांनी हटतो, हे त्यांनी १७४७ साली बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. मंडळाची रीत साधी आहे. रोगी, त्याची शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर या तिघांकडून प्रश्न मागवायचे, ज्यांचे उत्तर आधीच मिळालेले आहे ते वगळायचे, आणि शेवटी तिघांनी एकत्र बसून पहिले दहा निवडायचे. बळावलेल्या हृदयदौर्बल्याची अशी यादी २०२० साली प्रसिद्ध झाली.

हे वाचून माझ्या मनात प्रथम शंकाच आली. रोग्याला वेदना कळते, पण रोग कळतो का? बुडत्या माणसाला नदीचा उगम विचारून काय उपयोग!

पण आपल्या विदर्भातलेच उदाहरण आठवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत आले. त्यांनी तिथे सिकलसेलचा शोध मोठ्या कष्टाने घेतला. तो प्रश्न आमचा होता, लोकांचा नव्हता, असे पुढे डॉ. अभय बंगांनीच मोकळेपणाने सांगितले. नंतर दवाखाना बांधताना त्यांनी आदिवासींनाच विचारले. त्यामुळे तो झोपड्यांच्या पाड्यासारखा झाला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. अनुभवाला आपल्या संप्रदायात पोथीच्या बरोबरीचा मान आहे. मग रुग्णाच्या अनुभवाला का नसावा?

तरी एक अडचण उरतेच. बैठकीला येणार कोण? ज्याला दोन पायऱ्या चढवत नाहीत तो येत नाही, आणि जिची रोजी बुडते तीही येत नाही. शिवाय परक्यांची यादी जशीच्या तशी उचलून भागणार नाही. मे महिन्यात यवतमाळात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, आणि हृदयाच्या रोग्याला पाणी मापून प्यायला सांगतात! रानात राबणाऱ्याने ते माप कसे धरावे, हा प्रश्न लंडनात कोणाला सुचेल?

आणि एकाच घरातले हे दोन प्रश्न. म्हाताऱ्याला पंढरी हवी, सुनेला झोप. दुसरा प्रश्न पुढे मांडणे निष्ठुरपणाचे वाटते, म्हणून तो घरात दडूनच राहतो. माझ्या मते तो यादीत आधी यावा. जो रोग्यासमोर बोलता येत नाही, तो दुसरीकडे कुठे तरी बोलता आला पाहिजे.

दोन्ही प्रश्न कागदावर लिहून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येते का, ते तपासून सांगतो म्हणाले. सुनेचा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला.

"हे मला आजवर कोणी विचारलंच नाही हो," म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.