आधी खराटा

आमच्या धाकट्यानं पाचवीच्या एका वर्षात तीन डबे, दोन कंपासपेट्या आणि डाव्या पायाची एक चप्पल हरवली. नुसती डावी. उजवी घालून तो लंगडी घालत घरी आला आणि आल्या आल्या जेवायला मागू लागला. अंघोळीला ढकलावं लागायचं. कानामागं मळ, नखांत माती, ओला टॉवेल गादीवर आणि मोजे कुठं असतील ते देवालाच ठाऊक.

मी शाळामास्तर. दर सोमवारी लोकांच्या पोरांची नखं तपासणारा. तेव्हा आपल्याच घरात हे ध्यान, याचा मला फार राग यायचा. एकदा पाहुणे बसलेले असताना त्याला पुढं बोलावलं आणि म्हणालो, "हे बघा, आमचं घाणेरडं रत्न." पाहुणे हसले. तोही हसला. पोरगं हसलं म्हणजे त्याला लागलं नाही, असं मी समजलो.

पुढं गादीवरचा टॉवेल दिसेना. कपडे बदलताना तो दार लावून घ्यायला लागला. म्हटलं, चला, लाज वाटली. आता वळण लागेल.

दिवाळीला आम्ही गावी, माणदेशात, आईकडं गेलो. पहिल्या अंघोळीला आईनं त्याला उटणं लावायला पाटावर बसवलं, तर हा शर्ट काढेना. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. तिनं चुचकारून काढायला लावला. कमरेभोवती, काखेत, पोटावर खरूज. खाजवून खाजवून रक्ताळलेली.

"कवापास्नं रं?"

"महिना झाला."

"आन् सांगितलं न्हाईस?"

तो माझ्याकडं बघून गप्प झाला. मग आजीच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, "अण्णा घाणेरडा म्हणतात."

बोटांच्या बेचक्यांतही पुरळ होतं. वर्गातल्या सगळ्या पोरांचे हात उलटेपालटे करून बघणाऱ्या मला ते महिनाभर दिसलं नव्हतं.

आई मला काही बोलली नाही. नातवालाच सांगू लागली, "तुज्या बापाला बी झालीती, बहात्तर साली." १९७२चा तो दुष्काळ मला आठवतो. विहिरींनी तळ गाठलेला. मिळेल ती घागर पिण्याला आणि चुलीला. अंघोळ आठवड्यानं झाली तर झाली. आख्ख्या वाडीची पोरं खाजवत बसलेली असायची. आई दिवसभर कामावर खडी फोडायची, सुकडी घेऊन यायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात माझे हात मांडीवर घेऊन करंजेल चोळायची. तिचे तळवे दगडासारखे खरखरीत झाले होते. तेलाचा तो कडू वास अजून नाकात आहे. पण तिनं मला नाव ठेवल्याचं आठवत नाही.

दुपारी तालुक्याला गेलो, डॉक्टरांना घरून उठवलं. ते म्हणाले, "मास्तर, हा डोळ्यांना न दिसणारा किडा असतो. अंगाला अंग लागून पसरतो. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते खरूज." लोशन घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं होतं, कुणाला खाज असो वा नसो. गळ्यापासून तळपायापर्यंत. अंथरूण, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचे आणि आठवड्यानं पुन्हा एकदा लावायचं.

त्या रात्री आम्ही सगळे ओळीनं बसलो. माझ्या पाठीला पोरगंच लावत होतं. "अण्णा, तुम्हाला पण लागतं?" त्यानं विचारलं. "लागतं," मी म्हणालो. याच्याहून जास्त बोलता आलं नाही.

मी कुणाला स्वच्छ करत होतो, पोराला की चारचौघांतल्या माझ्या नावाला? पोराच्या अंगावरचा मळ तांब्याभर पाण्यानं जातो. बापानं लावलेलं विशेषण जात नाही. ते झाकायला पोरगं दुखणंसुद्धा झाकतं. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. मी खराट्याला हात न लावता नुसतंच कीर्तन करत होतो.

म्हणून पोरांना मोकळं सोडावं असं नाही. डबा हरवला तर चार दिवस फडक्यात भाकरी बांधून न्यावी. त्यात त्याचं काही बिघडत नाही, उलट डब्याची किंमत कळते. पण अंगाची गोष्ट वेगळी. तिथं त्याला कळेपर्यंत आपण वाट बघत बसायची नसते, शेजारी बसून नखं काढायची असतात.

गावाहून आल्यावर टॉवेलाची खुंटी काढून त्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोकली. इतकी वर्षं ती माझ्या उंचीवर होती. टॉवेल त्यानंतरही कधी कधी गादीवर सापडायचा. छत्री तर त्यानं कॉलेजातही हरवली.

शाळेत मात्र सोमवारी नखं तपासण्याआधी मी माझेच दोन्ही हात पोरांपुढं धरायला लागलो. नखांत खडूची भुकटी हमखास असायची. पोरं फार खूश व्हायची.