मातीच्या गोळ्यात चहा ओतता येत नाही

महाळुंग्याच्या रस्त्यावर सकाळी सगळ्यांत जास्त हिंडते ती ॲल्युमिनियमची किटली. मुळशी तालुक्यातलं, मुळा नदीच्या काठचं हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं. एका अंगाला १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, दुसऱ्या अंगाला हिंजवडीच्या कंपन्या, आणि मधे जागोजागी चढत जाणारे इमारतींचे मजले. टपरीवाला एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात कपांची चळत घेऊन बांधकामावर जातो. त्याच गावातल्या एखाद्या वरच्या मजल्यावर कुणी हाताने घडवलेली मातीची चहादाणी फडताळात जपून ठेवलेली असते. चहा दोन्हींतून एकच येतो, पातेल्यात आलं ठेचून घालून उकळलेला. मग त्या मातीच्या भांड्यावर माणसाचा इतका जीव का जडतो?

हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. भारतीय दर्शनांनी मातीच्या भांड्यावरून शतकानुशतकं वाद घातला आहे.

छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, चोवीस वर्षांचा होऊन, ताठ मानेने घरी परततो. वडील उद्दालक आरुणी त्याला मातीच्या गोळ्याचा दाखला देऊन समजावतात. एक गोळा नीट कळला की मातीचं सगळं काही कळलं. घडा, परळ, पणती हे केवळ बोलण्यातले भेद, खरी ती माती. पुढे अद्वैत वेदान्ताने याच दृष्टान्तावर फार मोठी इमारत उभी केली. या हिशेबाने चहादाणीवर जीव जडणं म्हणजे नामरूपाचा मोह.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटलं नाही. घडा मातीत आधीपासून होताच, तर कुंभाराने घाम गाळायचा कशासाठी? घड्याने पाणी आणता येतं, गोळ्याने येत नाही. मग दोन्ही एकच कसे? सांख्यांनी उलट विचारलं की तेल तिळातूनच का निघतं, वाळूतून का नाही? कारणात जे मुळीच नाही, ते कार्यात कुठून येणार? दोन्ही बाजू तोलामोलाच्या आहेत. पण चहादाणी समोर ठेवली की न्यायाचं पारडं जड होतं, हे मान्य करावं लागतं.

कारण चहादाणी एका दमात चाकावरून उतरत नाही. पोट वेगळं, झाकण वेगळं, चोच वेगळी, कान वेगळा. सगळे भाग जरा सुकून घट्ट झाले, पण अजून ओलसर आहेत, अशा वेळी त्यांच्या कडा खरवडायच्या, पातळ मातीचा लेप लावायचा आणि जोडायचे. चोच जिथे बसणार तिथे पोटाला आधी बारीक भोकं पाडायची, म्हणजे चहाची पत्ती आतच अडकते. झाकणाला एक भोक ठेवायचं. ते नसेल तर आत हवा शिरत नाही आणि धार अडखळते. चोचीचं टोक तोंडाच्या काठापेक्षा खाली राहिलं, तर भांडं पुरतं भरायच्या आतच चहा चोचीतून सांडू लागतो. यांतला एकही नियम मातीच्या गोळ्यात लिहिलेला नसतो.

अवयवांहून अवयवी वेगळा, असं न्यायदर्शन म्हणतं. त्यासाठी न्यायसूत्रांत दिलेला पुरावा अगदी हाताशी असलेला आहे: वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू उचलली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. नुसत्या ढिगाचं तसं होत नाही. चहादाणीचा कान धरून ती उचलणारा माणूस रोज हाच पुरावा देत असतो.

आता चोचीकडे जरा जवळून पाहू. चाकावर ओढलेल्या चोचीत माती गोलगोल पिळली जाते, आणि भट्टीत तो पीळ थोडा उलगडतो. सरळ कापलेलं टोक भाजल्यावर तिरकं निघतं. म्हणून जाणता कारागीर ओल्या चोचीचं टोक मुद्दाम किंचित तिरपं कापतो, म्हणजे भट्टीतून ते सरळ होऊन बाहेर येतं. चाकावर जे सोसलं ते माती विसरत नाही. वैशेषिकांनी संस्काराचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. दांडा काढून घेतल्यावरही चाक फिरत राहतं तो वेग, मनात अनुभवाची आठवण उरते ती भावना, वाकवलेली फांदी पुन्हा मूळ जागी येते तो स्थितिस्थापक. माणसाची आठवण आणि फांदीचा ताठपणा एकाच सदरात घालणाऱ्या या लोकांनी कुंभाराच्या कामाकडे किती बारकाईने पाहिलं असेल! ज्ञान झाल्यावरही देह काही काळ का टिकतो, हे सांगताना सांख्यकारिकेनेही कुंभाराच्या फिरत्या चाकाचाच दाखला दिला आहे.

भट्टीवरूनही वाद झाला. कच्चं भांडं भाजून लाल होतं तेव्हा नेमकं काय घडतं? वैशेषिक म्हणाले, आगीत भांडं परमाणूंपर्यंत सुटं होतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि भांडं पुन्हा जुळतं. नैयायिकांनी उत्तर दिलं की भट्टीच्या भोकातून डोकावून पाहा, भांडं जसंच्या तसं दिसतं आणि त्यावर रचलेली भांडीही ढासळत नाहीत. तर्कशास्त्राच्या पंडितांना भट्टीत डोकावावंसं वाटलं, ही या परंपरेची फार मोठी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याला देह मिळाला तो धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे प्राचीन तगर, पहिल्या शतकात पश्चिमेच्या देशांशी व्यापार करणारं नगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात भाजलेल्या मातीच्या जुन्या वस्तू आजही पाहायला मिळतात. तेरचेच कुंभार संत गोरोबाकाका. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून कच्चं-पक्कं पारखलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं, ही कथा घराघरांत माहीत आहे. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. या कथेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. सगळी मडकी एकाच मातीची होती, तरी तेवढ्यावर गोरोबांचं समाधान झालं नाही. मडकं आगीतून गेलं आहे की नाही, हे त्यांना पाहायचं होतं. वेदान्ताची माती त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण भांड्याचं भांडेपण त्यांनी टाकून दिलं नाही, आणि संत झाल्यावर चाकही सोडलं नाही.

चहादाणीचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. चीनमध्ये मिंग सम्राटाने १३९१ साली दाबलेल्या चहाच्या वड्यांचा नजराणा बंद केला, सुट्या पानांचा चहा मुरवून पिण्याची रीत वाढली आणि सोळाव्या शतकापासून यीशिंगच्या जांभळट मातीच्या, झिलई नसलेल्या चहादाण्या नावाजल्या. आपल्याकडे चहा उकळतो, त्यामुळे चहादाणीला तो मुरवायचा नसतो, फक्त गरम ठेवून नीट ओतायचा असतो. म्हणजे तिची सगळी परीक्षा धारेत.

तेव्हा हातची चहादाणी घ्यायची असेल, तर केवळ रंग आणि नक्षी पाहून घेऊ नका. पुण्यात कसब्याचा कुंभारवाडा आहे, मुंढव्याजवळ केशवनगरला कुंभारांची वस्ती आहे, आणि मातीकाम करणारे नवे कलाकारही आहेत. त्यांच्याकडे जा, बोटाने टिचकी मारून आवाज ऐका, पाणी मागून घ्या आणि भांडं काठोकाठ भरून ओतून पाहा. धार थांबवल्यावर चोचीखाली थेंब ओघळला नाही, तर सांगतील ती किंमत घासाघीस न करता द्या.