परतण्याचे ऋण

नाताळच्या सुट्टीत बारामतीचा विद्यार्थी घरी येतो. कुटुंबासह इंदापूर तालुक्यात हिंडतो, भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर उतरलेले रोहित पक्षी पाहतो आणि जानेवारीत पुण्याला विद्यापीठात परततो. याच रस्त्यांवर उसाच्या गाड्यांबरोबर आणखी काही मुले भेटतात. तीही कुटुंबासहच आलेली असतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघालेल्या त्यांच्या आईवडिलांचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोड चालते. हंगाम संपेतो गावच्या शाळेतले वर्ष बहुतेक सरलेले असते. साखरशाळा निघाल्या, तरी प्रत्येकाचा तुटलेला धागा जुळला नाही.

मग विद्यार्थ्याने सुट्टीची लाज बाळगावी काय? तसे मला वाटत नाही. विश्रांती हा अपराध नाही, आणि एकाच्या लाजेने दुसऱ्याच्या पाटीवर अक्षर उमटत नाही. परंतु वर्गात आपली जागा राखलेली असते, ती केवळ आपल्या गुणांमुळे, असे मानणे असत्य होय. या भागातील कित्येक घरांत मुलांची फी उसाच्या बिलातून भरली जाते. तो ऊस तोडणारे हात कोणाचे असतात? या अर्थाने शिक्षण हीसुद्धा एक उचलच आहे. ती फेडण्याचा आरंभ साधा आहे: ही मुले हंगामात कोठे शिकतात, हे परतणाऱ्याने आधी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.