जागविण्याचा अधिकार

कोजागरीच्या मध्यरात्री लक्ष्मी घराघरावरून जाते आणि कोण जागे आहे असे विचारते, ही समजूत आपण सर्वांनी लहानपणी आटीव दुधाच्या पेल्याबरोबर ऐकलेली आहे. जो जागा सापडेल त्याला ती काही देऊन जाते. जो झोपलेला असेल त्याला ती शिक्षा करीत नाही. नुसती पुढे निघून जाते. गेल्या हिवाळ्यात आमच्या वाट्याला असे एक काम आले की, आम्हांलाही मध्यरात्रीनंतर असेच फिरावे लागे. फरक एवढाच की, कोण जागे आहे हे आम्ही विचारीत नव्हतो. कोण झोपले आहे हे पाहत होतो. आणि देण्यासारखे आमच्या हाती काही नव्हते. एक नोंदवही तेवढी होती.

उत्तरेकडील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आम्ही नोकरीस आहोत. परीक्षांच्या दिवसांत तेथील तळमजल्यावरचे एक दालन अभ्यासासाठी रात्रभर उघडे ठेवतात. आत दीडेकशे खुर्च्या आहेत. ग्रंथांची कपाटे त्या वेळी कुलूपबंद असतात. मुले आपली पुस्तके, टिपणे आणि लॅपटॉप घेऊन येतात, दारात ओळखपत्र दाखवितात आणि मिळेल ती जागा धरतात. पर्यवेक्षकाने दर तासाला फेरी घालावयाची. मोठ्याने बोलणे, आत खाणे, वह्या ठेवून जागा अडविणे आणि झोपणे या चार गोष्टींना मनाई आहे. झोपलेल्यास उठवावे आणि त्याची नोंद करावी. एकाच विद्यार्थ्याची तीनदा नोंद झाल्यास त्याचे ओळखपत्र आठवडाभर ठेवून घ्यावे, असा नियम.

पहिल्या तीन मनाया आम्हांला कधी जड गेल्या नाहीत. चौथीने मात्र आमची झोप, म्हणजे दिवसाची झोप, पुष्कळदा उडविली. वरवर पाहता विषय क्षुल्लक आहे. परंतु ज्यांचा जन्म नियम लागू करण्यात जातो, अशा आपल्यासारख्या नोकरवर्गाला त्यात काही ओळखीचे सापडेल असे वाटते, म्हणून तो येथे मांडीत आहोत.

ग्रंथालय आणि रात्र यांचे नाते फार जुने नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील घुमटाकार वाचनदालन १८५७ साली उघडले, तेव्हा तेथे दिव्याला बंदी होती. कारण उघड होते: आगीचे भय. काळोख पडला किंवा दाट धुके उतरले की वाचकांनी उठून जावयाचे. १८७९ साली तेथे विजेचा प्रकाश आला आणि मग संध्याकाळनंतरही वाचणे शक्य झाले. त्या दालनाच्या धर्तीवरचे एक दालन आपल्या देशात काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ती वास्तू १९४१ साली पूर्ण झाली. आणि त्या ग्रंथालयाचा आरंभही १९१७ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या चिरंजीवांनी दिलेल्या ग्रंथसंग्रहापासून झाला. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट ठाऊक असणे बरे. परंतु येथे सांगावयाचे ते निराळे आहे. दिव्याला बंदी होती तेव्हा रखवालदाराला आपण काय राखतो हे पक्के माहीत होते. तो ग्रंथ राखीत होता. आमच्या दालनात रात्री ग्रंथच नव्हते. मग आम्ही राखीत होतो ते काय?

हा प्रश्न आमच्यापुढे आणणारा विद्यार्थी खिडकीजवळच्या एका ठरावीक खुर्चीवर बसे. अंगावर जुनी शाल, समोर संख्याशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक. दोनच्या फेरीला तो वाचीत असे. तीनच्या फेरीला त्याचे डोके पुस्तकावर टेकलेले असे. पहिल्यांदा आम्ही टेबलावर बोटे वाजविली. तो दचकून उठला, “सॉरी, सर” म्हणाला आणि ताठ बसला. आम्ही वहीत नाव लिहिले. दुसऱ्या रात्री तेच. चौथ्या रात्री तिसरी नोंद झाली आणि आम्ही त्याचे ओळखपत्र मागितले. त्याने ते खिशातून काढून दिले. कारण सांगितले नाही, विनवणी केली नाही. त्याने वाद घातला असता तर बरे झाले असते. निमूटपणे दिलेली वस्तू हातात फार वेळ राहते.

नियमाची बाजू लंगडी नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. परीक्षा जवळ आली की, अकराच्या सुमारास दाराशी मुले ताटकळत उभी असतात. आत एकजण झोपला आहे म्हणजे बाहेर एकजण उभा आहे. दुसरे असे की, एकाला सवलत दिली की ती दहांना द्यावी लागते आणि अभ्यासिकेची धर्मशाळा होते. तिसरे कारण आपल्या वर्गाला सर्वांत जवळचे आहे. अधिकाऱ्याने माणूस पाहून नियम वाकविला की, आज तो गरिबासाठी वाकतो आणि उद्या ओळखीच्यासाठी. ज्याला गाऱ्हाणे मांडता येते त्याला दया मिळते. ज्याला मांडता येत नाही तो कोरडाच राहतो. सर्वांना सारखा नियम हे दुबळ्याचे संरक्षण आहे, असे आम्ही आयुष्यभर मानीत आलो आणि आजही मानतो. त्या रात्री ओळखपत्र खणात ठेवताना आमच्या मनात हेच सारे होते. तरीही खण बंद करताना काही चुकल्यासारखे वाटले.

दालनाच्या दारात बलियाकडचा एक वयस्कर चौकीदार बसे. मुले त्याला चाचा म्हणत. आठवडाभर आमच्या जागी दुसरे कोणी पर्यवेक्षक असले की काय होते, हे आम्ही कधी विचारले नव्हते. एके रात्री त्याच्या स्टुलावर पुठ्ठ्याचा एक तुकडा दिसला. त्यावर पेन्सिलीने आकड्यांच्या जोड्या लिहिलेल्या होत्या: एकोणचाळीस, तीन वाजून वीस मिनिटे, चौऱ्याहत्तर, चार. आम्ही विचारले तेव्हा तो थोडा ओशाळला. पहिला आकडा खुर्चीचा, दुसरा वेळेचा. डोळे मिटू लागलेला मुलगा त्याला सांगून ठेवी की, मला अमुक वाजता उठवा. तो खुर्चीपाशी जाऊन खांद्याला हात लावी. “जगाना तो है ही, साहब,” तो म्हणाला, “पूछकर जगा देते हैं.”

बाहेर कोणी जागेसाठी खोळंबला असेल तर? तर मी लगेच उठवितो, त्याने सांगितले. परंतु दोननंतर कोणी येत नाही, पन्नास-साठ खुर्च्या रिकाम्या असतात. एकोणचाळीस क्रमांकाची खुर्ची खिडकीजवळची होती. तिच्यावर बसणारा मुलगा तिघांबरोबर एका खोलीत राहतो, खोलीत खाटा दोन, आणि पाळीने झोपावे लागते, हेही त्याच्याकडूनच कळले. त्याची पाळी दिवसा येई, आणि दिवसा त्याचे वर्ग असत.

ही हकीकत ऐकून आमचे मन द्रवले, असे सांगून लेख संपविता आला असता. परंतु ती दयेची गोष्ट नव्हती. चौकीदार मुलांना झोपू देत नव्हता. तोही उठवीतच होता, आणि कदाचित आमच्याहून अधिक वेळा. उठविण्याची कृती दोघांची एकच. आमच्या उठविण्याने नियम पाळला जाई आणि मुलगा शरमेने ताठ बसे. पाच मिनिटांनी पुन्हा त्याची मान खाली येई. त्याच्या उठविण्याने मुलगा वीस मिनिटे निश्चिंत झोपे आणि मग खरोखर वाचू लागे. अभ्यासिका ज्यासाठी उघडी ठेवली ते काम त्याच्या पुठ्ठ्याने होत होते. आमच्या वहीने होत होते असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. १९४५ ते १९४७ या काळात ते काशीच्या त्याच ग्रंथालयात होते. त्यांतील पहिले सूत्र पुस्तके वापरासाठी आहेत असे बजावते, आणि चौथे वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. सेवेच्या आरंभी ही सूत्रे आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. खुर्चीदेखील वापरासाठी असते आणि परीक्षार्थ्याच्या वेळेत त्याची झोपही येते, हा त्यांचा अर्थ लावण्यास मात्र एका अल्पशिक्षित चौकीदाराची गरज लागली.

येथे आणखी एका जागविणाऱ्याची आठवण होते. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचणाऱ्यांना परळच्या चाळीतील ती एक खोली ठाऊक असते. तीत सारे कुटुंब, सारी भांडीकुंडी, चूल आणि जळण. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी. मुलगा संध्याकाळी लवकर झोपे. वडील, सुभेदार रामजी, रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि स्वतः आडवे होत. खोलीत जागाच तेवढी होती. मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हे जगाला माहीत आहे. दोनपर्यंत जागणाऱ्या वडिलांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. मुलाला झोपेतून उठविण्याचा त्यांना अधिकार होता, कारण त्याच्या झोपेची किंमत त्यांनी स्वतःच्या झोपेने आधी भरली होती. पगारी पर्यवेक्षकाने पित्याशी बरोबरी सांगू नये. तरीसुद्धा, दुसऱ्याला जागे करण्याचा अधिकार जागविणाऱ्याकडे कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ नेमणुकीच्या कागदात नाही एवढे त्या खोलीवरून उमगते.

आपल्या भाषेत पहारा आणि राखण असे दोन शब्द आहेत. कैद्यावर पहारा असतो. शेताची राखण करतात. पहारेकऱ्याची नजर कोणी काही चुकीचे करील काय याकडे असते. माचणावर बसलेल्या राखणदाराला पीक हाती लागावे असे वाटत असते आणि पाखरे हाकलणे हा त्या वाटण्याचाच एक भाग असतो. दोघेही रात्रभर जागतात. सरकारी कागदात दोघांचे वर्णन एकाच शब्दाने होईल.

यावर कोणी विचारील, मग नियम हवेत कशाला, प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे राखण करावी काय? तसे नाही. चौकीदार मनाप्रमाणे वागत नव्हता. बाहेर कोणी उभा आहे काय, हा एकच प्रश्न तो प्रत्येक वेळी विचारी, आणि तो प्रश्न मूळ नियमाच्याच पोटातला होता. तो ओळखीचा आणि अनोळखी असा भेद करीत नव्हता. पुठ्ठ्यावर नावे नव्हती, आकडे होते. पक्षपाताचे जे भय आम्ही नियमाच्या बाजूने मांडले, ते त्याच्या पद्धतीला लागू पडत नाही. नियम कशासाठी आहे हे रोज नव्याने विचारणे म्हणजे नियम वाकविणे नव्हे. तो प्रश्न टाळणे हा बहुधा अधिकाऱ्याचा आळस असतो, आणि त्या आळसाला आपण निःपक्षपात हे नाव देतो.

या विचारात असतानाच आमच्या वहीतील एक मोठी उणीव ध्यानात आली. झोपलेल्यांची नोंद तीत होती. न आलेल्यांची नव्हती. दोननंतर ज्या पन्नास-साठ खुर्च्या रिकाम्या राहत, त्यांवर बसू शकल्या असत्या अशा किती मुली वसतिगृहात होत्या? त्यांचे फाटक रात्री दहाला बंद होई. अभ्यासिकेच्या नियमात मुलींना मनाई कोठेही नव्हती. तो सर्वांना सारखाच होता. तो सारखेपणा फाटकाच्या कुलपाने खोटा ठरविला होता. दिल्लीत २०१५ साली मुलींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने वसतिगृहांच्या अशा वेळांविरुद्ध चळवळ आरंभिली, तेव्हा वर्तमानपत्रातील बातमी वाचून आम्ही ती बाजूस ठेवली होती. ती बातमी आमच्याच दालनातील रिकाम्या खुर्च्यांची होती, हे कळावयास त्या खुर्च्यांमधून रात्रभर फिरावे लागले. आम्ही ग्रंथपालांकडे एक टिपण दिले आहे. त्यात अभ्यासिकेपासून वसतिगृहापर्यंत रात्रीच्या सोबतीची व्यवस्था सुचविली आहे. ते अद्याप विचाराधीन आहे. विचाराधीन या शब्दाचा अर्थ वाचकांना आम्ही सांगावयास नको.

ओळखपत्राचा आठवडा सरल्यावर तो मुलगा ते नेण्यास आला. त्या सात रात्री त्याने कोठे काढल्या हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे असे वाटले नाही. तो निघाला तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो की, झोप आली तर दारातल्या चाचांना वेळ सांगून ठेवीत जा. “सांगतो, सर,” तो म्हणाला. पुढे जाऊन तो थांबला आणि वळून म्हणाला, “त्या वेळीही सांगितली होती. ते मला उठवायला येणार, तेवढ्यात आपली फेरी आली.”

त्या रात्रीच्या पानावर त्याचे नाव आमच्या अक्षरात आहे. नोंदवहीतील मजकूर खोडता येत नाही, आणि तो खोडावा असे आम्हांला वाटतही नाही. त्याच पानाच्या समासात पुढच्या रात्रीपासून आम्ही दुसरा एक रकाना आखला: तीनची फेरी, बाहेर उभे असलेले किती. बहुतेक रात्री तेथे शून्य लिहावे लागले.